किती फळ्या?

एक इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या एकीमागे एक उभ्या करायच्या आणि दर दोन फळ्यांमध्ये एक इंच जागा मोकळी सोडायची. गोळी किती आत शिरते हे मोजण्याची अमेरिकेतली ही जुनी रीत. एकोणिसाव्या शतकातल्या सैनिकी चाचण्यांत फळ्या मोजल्या जात, आणि पुढे काडतुसांच्या सूचीपत्रांतही प्रत्येक गोळीसमोर फळ्यांचा आकडा छापलेला असे. पाइनचे लाकूड मऊ, सरळ रेषांचे, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारे. शिवाय त्यात झालेले भोक मिटत नाही. मोजणाऱ्याला हवी असते ती साक्ष लाकूड देते आणि कितीही वर्षे सांभाळून ठेवते.

ओहायोत आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ निवृत्त सुतारकामशिक्षक आहेत. त्यांच्या शेताच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे. फळ्यांची चळत त्यांनी त्या बांधासमोर लावली होती. खाचा पाडलेल्या लाकडी चौकटीत फळ्या वरून सरकवता येत, त्यामुळे प्रत्येक बारानंतर हवी ती फळी उपसून पाहता येई. चाचणी कशाची, तर 1849 सालच्या कोल्ट पॉकेट रिव्हॉल्व्हरच्या इटलीत बनलेल्या नकलेची. टोपी (घोडा आपटताच ठिणगी पाडणारी तांब्याची इवलीशी वाटी) आणि सुटी गोळी वापरणारे, काळ्या दारूचे, 0.31 इंचाचे हे छोटे हत्यार. जुन्या शस्त्रांची आवड असलेल्या मंडळींत त्याला मान नाही. ते खेळणे आहे, जाड कोट घातलेल्या माणसाला त्याची गोळी लागलीच नसती, असे सर्रास बोलले जाते. हे खरे की खोटे ते शेजाऱ्यांना स्वतः पाहायचे होते. माझ्याबरोबर माझे मामा होते. पुण्यात डॉक्टर होऊन सत्तरच्या दशकात ते इकडे आले आणि पुढची सगळी हयात त्यांनी शल्यचिकित्सक म्हणून काढली. गोळ्या लागलेली माणसे त्यांनी इतकी पाहिली होती की बंदुकीला हात लावायची त्यांना इच्छा नव्हती. फळ्या पाहायला मात्र ते आवर्जून आले.

हे रिव्हॉल्व्हर हातात घेतले की प्रथम जाणवतो तो त्याचा आटोपशीरपणा. अक्रोडी मूठ, पितळी कडे, अष्टकोनी नळी, पाच घरांचे चक्र. नेम धरायला नळीच्या टोकाला पितळेची इवलीशी माशी, आणि मागची खाच घोड्याच्याच माथ्यावर कोरलेली. म्हणजे घोडा ओढल्याशिवाय नेम दिसतच नाही. चक्रावर एक कोरीव चित्र आहे. एका घोडागाडीवर दरोडा पडलेला आहे आणि प्रवासी गोळ्या झाडून त्याचा सामना करत आहेत. मूळ चित्र वॉटरमन ऑर्म्सबी या न्यू यॉर्कच्या नक्षीकाराचे, जो नोटा छापण्याचे साचे कोरत असे. आपला माल कोणी आणि कशासाठी घ्यायचा हे सॅम्युएल कोल्टने त्या मालावरच चितारून ठेवले होते. गिऱ्हाईक सैनिक नव्हते. कॅलिफोर्नियात सोने शोधायला निघालेला माणूस, गावोगाव फिरणारा व्यापारी, रात्री पैसे घेऊन घरी परतणारा कारकून, अशांसाठी ही खिशातली सोबत होती. 1850 ते 1873 या काळात अशी तीन लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे बनली. टोपीवर उडणारे कोल्टचे दुसरे कोणतेही मॉडेल इतके खपलेले नाही. ज्याला आज खेळणे म्हणतात त्यावर त्या काळच्या एवढ्या माणसांनी जिवाचा भरवसा ठेवला होता. तेव्हा त्यांना मूर्ख ठरवण्यापूर्वी फळ्या मोजणे मला योग्य वाटत होते.

भरण्याचे काम सावकाश चालते. पितळी मापातून चक्राच्या एका घरात जेमतेम एक ग्रॅम भरेल न भरेल एवढी काळी दारू ओतायची. तोंडावर मऊ शिशाची गोळी ठेवायची. ती सव्वातीन ग्रॅमच्या आसपास वजनाची, आणि घराच्या तोंडापेक्षा केसभर मोठी असते. मग नळीखालची दांडी खाली ओढून ती ठासायची. बसता बसता घराची कड तिच्यातून शिशाची एक बारीक कडी कापून काढते. ती कडी पूर्ण गोल निघाली तर गोळी घट्ट बसली असे समजायचे. वर मेण आणि चरबीचे मलम थापायचे, म्हणजे एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जात नाही आणि नळीत साठणारी काजळीही मऊ राहते. सगळ्यात शेवटी मागच्या बारीक खुंट्यांवर तांब्याच्या टोप्या.

माझ्या आजोबांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीच्या परवान्यावर घेतलेली. रानडुकरे भातात उतरली की ती बाहेर निघे. दारू, चिंध्या, छर्रे, गज, टोपी हा क्रम मी लहानपणी ओटीवर बसून पाहिलेला आहे. ओहायोच्या त्या शेतात पहिला बार झाला, पांढरा दाट धूर आमच्या अंगावरून सरकला आणि गंधकाचा तोच वास आला. त्यात नवल काही नाही. काळी दारू जगात कुठेही सोरा, कोळसा आणि गंधक यांचीच असते, साधारण 75, 15 आणि 10 या प्रमाणात. पण यातला सोरा कुठून येई हे मला पुढे वाचताना कळले, आणि त्या धुराकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

ज्या काळात ही रिव्हॉल्व्हरे बनत होती त्या काळी चांगला सोरा म्हणजे बिहारचा सोरा. गोठ्यांच्या आणि घरांच्या आसपासच्या मातीवर उन्हाळ्यात पांढरी बुरशीसारखी पूड फुलून येते. नोनिया जातीचे लोक ती खरवडत, पाण्यात विरघळवून गाळत, कढईत आटवून तिचे खडे करत. कलकत्त्याहून तो माल लंडनला आणि लंडनहून जगभर जाई. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर लिंकनच्या सरकारसाठी सोरा खरेदी करायला डेलावेअरच्या दारूकारखानदार घराण्यातला लॅमॉट ड्यूपाँट इंग्लंडला गेला आणि बाजारात मिळेल तेवढा सोरा त्याने उचलला. त्याच सुमारास ट्रेंट नावाच्या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील उत्तरेच्या आरमाराने उतरवून घेतले. दोन देश युद्धाच्या काठावर आले आणि इंग्लंडने सोऱ्याची निर्यात अडवली. वकिलांची सुटका झाल्यावरच तो माल हलला. बिहारमधल्या कुणा गोठ्याच्या भिंतीशी खरवडलेली माती अशी व्हर्जिनियातल्या रणांगणापर्यंत पोचत होती. ती खरवडणाऱ्या माणसांची नावे कुठल्याही शस्त्रागाराच्या वहीत सापडणार नाहीत, याची मला खंत वाटते. गोळीच्या गतीचा हिशेब मांडताना पहिला आकडा त्यांच्या कष्टांचा मांडायला हवा.

आता फळ्या. दहा पावलांवरून मारलेल्या गोळीने दोन फळ्या पार केल्या आणि तिसरीत ती रुतून बसली. तिचे पाठीकडचे अर्धे अंग बाहेर दिसत होते. पुढच्या बारांतही चित्र फारसे बदलले नाही. कधी तिसरीच्या मागच्या बाजूला फुगवटा येई, तर कधी गाठ लागली की दुसरीतच काम संपे. गोळी शिरते ते भोक तिच्या व्यासाहून किंचित लहान दिसते, कारण लाकडाचे तंतू थोडे मागे सरकून जागा भरतात. बाहेर पडते तिथे मात्र लांब सालपे उडालेली असतात. शेजाऱ्यांनी पटाशी लावून फळी रेषेत फोडली तेव्हा आतला बोगदा उघडा पडला. त्याच्या भिंती दाबल्यामुळे गुळगुळीत आणि काळपट झालेल्या होत्या. गोळीचे तोंड चपटे झाले होते आणि त्यावर लाकडाच्या वर्षवलयांच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. वहीत त्यांनी ‘फळ्या’ या रकान्यात आकडे लिहिले. नेव्ही नावाने ओळखले जाणारे 0.36 चे मोठे कोल्ट यापेक्षा खूप फळ्या भेदते, सैन्याचे 0.44 चे त्याहून अधिक. फळ्यांच्या हिशेबात हे छोटे हत्यार खरोखरच तळाशी बसते.

लाकडाला गोळीचा साक्षीदार करण्याची कल्पना मात्र फळ्यांहून जुनी आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 साली तोफशास्त्रावर एक लहानसे पुस्तक लिहिले आणि त्यात एका लंबकाचे वर्णन केले. लोखंडी दांड्याला टांगलेला जड लोलक, पुढून जाड लाकडी फळा. गोळी त्यात शिरून अडकते, सगळे झुलते आणि खालची फीत झोक्याइतकी बाहेर ओढली जाते. फितीच्या लांबीवरून गोळीची गती काढता येते. त्याआधी गोळीची गती म्हणजे नुसता तर्क होता. हवा गोळीला जवळजवळ अडवतच नाही, असे मोठमोठे पंडित मानत. रॉबिन्सच्या लाकडाने दाखवले की वेगाने जाणाऱ्या गोळीला हवा प्रचंड अडवते. ऑयलरसारख्या गणितज्ञाने या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले आणि स्वतःची मोठी भर घातली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या डागडुजीसाठी रॉबिन्सला हिंदुस्थानात पाठवले आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यावर तो तापाने वारला. मला हा माणूस फार मोठा वाटतो. ऐकीव बढाया बाजूला सारून त्याने एक ओंडका टांगला आणि त्याला बोलू दिले. आमच्या चौकटीतल्या फळ्या त्याच घराण्यातल्या.

पण मामांचे समाधान होत नव्हते. फोडलेली फळी हातात फिरवत ते म्हणाले, “अरे, हे सगळं लाकडाबद्दल झालं. माणूस लाकडाचा नसतो.” मग पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन एका रांगेत एकमेकांना चिकटवून ठेवले. प्रत्येकाची जाडी अर्धा फूट. कोट भेदणार नाही असे जिच्याबद्दल बोलले जाते ती गोळी तीन कॅन पार करून चौथ्याच्या तळाशी सापडली, आणि जवळजवळ होती तशी गोल. दोन फळ्यांत दमणारी गोळी पाण्यात दीड फूट गेली. शेजारी पुन्हा पुन्हा कॅनांची भोके तपासत होते. मी मात्र मामांकडे पाहत होतो, कारण त्यांना हे अपेक्षित असल्याचे स्पष्ट दिसत होते.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. लाकडात पुढे जायचे तर तंतू तुटायला हवेत, आणि गोळी मंदावली म्हणून तंतूंची ताकद कमी होत नाही. पाणी तुटत नाही, ते फक्त बाजूला व्हावे लागते. गोळीची गती निम्मी झाली की पाण्याचा विरोध जवळपास चौथाईवर येतो. त्यामुळे संथ, न पसरणारी गोळी पाण्यात रेंगाळत का होईना, पुढे जात राहते. आमच्या या गोळीची गती सेकंदाला 200 मीटरच्या आसपास असते. एवढ्या गतीला पाण्यात मऊ शिसेसुद्धा चेपत नाही. पाणी म्हणजे मांस नव्हे, मांसात गोळी पाण्यापेक्षा बरीच कमी जाते, हे मामांनी लगेच बजावले. दीड फुटाचा आकडा निम्म्यावर आणायचा म्हटले तरी नऊ इंच उरतात, एक वीत. मामांनी स्वतःच्या छातीशी आडवा हात धरून वीत दाखवली. पुढून मागे माणूस सरासरी तेवढाच असतो.

म्हणून ‘किती आत जाते’ हा प्रश्न ऐकायला साधा वाटला तरी विचारणाऱ्याच्या मनात समोर कोण उभे आहे त्यावर त्याचे उत्तर ठरते. सैन्याला घोडा, पाठीवरची पिशवी, लाकडी आडोसा भेदायचा असतो. तिथे फळ्या बरोबर आहेत. थिओडोर कोखर या स्विस शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जिलेटिन, साबण, पाण्याचे डबे यांवर गोळ्या झाडून पाहिल्या. जखम कशी होते हे त्याला कळून घ्यायचे होते, आणि त्यातून कमी क्रूर गोळी बनावी अशी त्याची धडपड होती. थायरॉइडवरच्या कामासाठी त्याला पुढे 1909 चे नोबेल मिळाले. 1904 मध्ये अमेरिकन सैन्याच्या थॉम्पसन आणि ला गार्ड या दोघांनी शिकागोच्या कत्तलखान्यांत जनावरांवर आणि इतरत्र मृतदेहांवर चाचण्या केल्या. त्यांचा अहवाल वाचवत नाही. आजची 10 टक्के जिलेटिनची पद्धत रूढ केली ती व्हिएतनाममध्ये शल्यचिकित्सा केलेल्या मार्टिन फॅक्लरने, डुकराच्या मांसाशी ताडून पाहून. म्हणजे जखमा शिवणारी माणसे या प्रश्नाकडे वळली तेव्हाच फळ्यांचे राज्य संपू लागले.

आणि आपल्याकडे याच प्रश्नाने एक काळाकुट्ट वळण घेतले. 1895 च्या चित्राळ मोहिमेनंतर ब्रिटिश सैन्यातून तक्रार आली की नवी 0.303 ची कवचवाली गोळी फार भेदते. ती अंगातून आरपार जाते आणि समोरचा पठाण धावतच राहतो. फळ्यांत भरपूर गुण मिळवणारी गोळी सरहद्दीवर नापास झाली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकाचे कवच काढून आतले मऊ शिसे उघडे ठेवले, म्हणजे ती शरीरात पसरेल आणि जखम मोठी होईल. 1899 च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव आला तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी जनरल सर जॉन आर्डा यांनी त्याला विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की सुसंस्कृत सैनिकाला गोळी लागली की तो थांबतो, रानटी माणूस थांबत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. ठराव मंजूर झाला. ब्रिटनने मात्र तेव्हा विरोधात मत दिले. एका शरीराला एक गोळी पुरे आणि दुसऱ्याला नाही, असे भर परिषदेत मांडले गेले, आणि ते दुसरे शरीर आपल्या उपखंडातले होते. मोजणीच्या इतिहासात याहून लाजिरवाणे पान मला माहीत नाही.

मामांना मात्र खोलीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस होता. काही वर्षांपूर्वी ते मला मेरीलँडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगच्या सैनिकी वैद्यकीय संग्रहालयात घेऊन गेले होते. यादवी युद्धात, 1862 मध्ये, सैन्याच्या शल्यचिकित्सकांना जखमांचे नमुने जमवायला सांगितले गेले; त्या संग्रहातून हे संग्रहालय उभे राहिले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या मणक्याचा भाग तिथे जपून ठेवला आहे. 2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर त्यांना गोळी लागली. ती मोठ्या धमन्या आणि मज्जारज्जू चुकवून स्वादुपिंडामागे जाऊन बसली होती. तशीच राहू दिली असती तर बहुधा ते जगले असते, असे मामांचे मत. डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया घालून ती शोधली. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने धातू हुडकणारे यंत्र आणले. डॉक्टरांनी त्याला फक्त उजवी बाजू तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. 19 सप्टेंबरला गारफील्ड गेले. इंग्रज शल्यचिकित्सक लिस्टरने जंतुनाशक शल्यक्रिया जाहीर करून तेव्हा 14 वर्षे झाली होती.

तर छोट्या कोल्टच्या गोळीने जागच्या जागी कोसळणारी माणसे थोडीच असतील. पण पोटात शिरलेली ती गोळी आठवड्याने, पंधरवड्याने मारत असे, आणि त्यात तिचा साथीदार असे मळ आणि जंतू आत नेणारे कापड. म्हणून शेवटी मामांनी सुचवलेली चाचणी केली. जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला लोकरी कोट आणि आत सुती शर्ट असे फळ्यांवर ताणून ठोकले. कोटाने गोळी थांबली नाही. ती दुसरी फळी पार करून तिसरीला नुसती टेकून थांबली, एवढाच फरक. शेजाऱ्यांनी पहिल्या दोन फळ्या फोडल्या. दुसरीच्या बोगद्यात, गोळीच्या वाटेवर, लोकरीचा आणि सुताचा दाबून घट्ट झालेला एक बोळा होता, गोळीएवढाच रुंद. मामांनी तो चिमट्याने काढून पांढऱ्या कागदावर उलगडला. लोकरीचा गोल तुकडा, त्याला चिकटलेला शर्टाचा गोल तुकडा, कडेला काळी काजळी.

“हे बघ,” मामा म्हणाले, “हे आत राहिलं की संपलं. त्या काळी याच्यावर औषध नव्हतं.”

शेजाऱ्यांनी वहीत पट्टी धरून ‘फळ्या’च्या शेजारी दुसरा रकाना आखला आणि वर ‘कापड’ असे लिहिले. पुढच्या वेळी लोकर, सूत आणि चामडे वेगवेगळे लावून पाहू, प्रत्येकाचा किती तुकडा आत जातो त्याचे वजन करू, असे त्यांचे म्हणणे पडले. तुकडे तोलायला औषधांचा जुना तराजू मामांकडे आहे, तो ते आणणार आहेत. त्यांची अट एकच होती: कापड नवे कोरे किंवा धुतलेले लावायचे नाही. सोने खणायला गेलेल्या माणसाच्या अंगावरचा शर्ट महिना महिना पाणी पाहत नसे, आणि पाहायचे असेल तर तेच पाहायला हवे.